पावती नसलेले देणे

कोकणात मे महिना उतरणीला लागला की घराघरांतून माळे रिकामे होऊ लागतात. पाऊस येण्याआधी वाळवी कुठवर चढली आहे ते पाहायचे असते, कौलांची उसाभर करायची असते, आणि वर्षभर वर टाकून दिलेल्या वस्तूंशी एकदा समोरासमोर यायचे असते. आम्ही पतिपत्नी रत्नागिरीत मराठी शिकवतो. गावचे घर तिथून दीड तासावर आहे आणि अण्णा गेल्यापासून ते बहुतेक बंदच असते. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे माळा झाडायला गेलो, तेव्हा भाताच्या कणग्यांमागे अण्णांची पत्र्याची पेटी सापडली.

अण्णा (आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे) प्राथमिक शिक्षक होते. शिक्षकी नीटनेटकेपणा पेटीभर दिसत होता. डांबरगोळ्या विरून गेल्या होत्या, पण सुतळीने बांधलेले चार गठ्ठे शाबूत होते. पहिला शेतसाऱ्याचा, दुसरा घरपट्टीचा, तिसरा विम्याच्या हप्त्यांचा. चौथा सर्वांत जाड होता आणि तो अण्णांच्या नावाचा नव्हताच. त्यात मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका कामगार वसाहतीतल्या गाळ्याच्या भाडेपावत्या होत्या. १९६४ पासूनच्या, आमच्या मोठ्या काकांच्या नावाच्या. गठ्ठ्याच्या तळाशी निराळ्या दोऱ्याने बांधलेल्या काही मनिऑर्डरच्या पोचपावत्या होत्या. त्या मात्र अण्णांनी पाठवलेल्या पैशांच्या होत्या.

मुंबईच्या पावत्या गावच्या माळ्यावर कशा, याचे उत्तर आम्हांला ठाऊक होते. मोठे काका दर वर्षी गणपतीला येताना वर्षाच्या पावत्या घेऊन येत आणि अण्णांच्या हवाली करीत. खोलीत सहा माणसे, एक कपाट, पावसात गळणारी भिंत. कागद राहणार कुठे? ‘घर मुंबईत, घराचे कागद गावात’ अशी त्या दोघा भावांची वाटणी होती. गणपतीच्या आरतीनंतर ओटीवर बसून अण्णा त्या पावत्या महिनावार लावीत आणि एखाद्या महिन्याची नसली तर काकांना वर्गातल्या मुलासारखे विचारीत. लहानपणी आम्हांला तो सणाचाच एक विधी वाटे.

ही वसाहत ज्या योजनेतून उभी राहिली, तिचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण चाळीवर आपण पुष्कळ लिहिले, या वसाहतींवर त्या मानाने थोडे. १९४८ च्या कायद्याने तेव्हाच्या मुंबई राज्यात गृहनिर्माण मंडळ स्थापन करण्याची तरतूद झाली. १९५२ साली केंद्र सरकारची औद्योगिक कामगारांसाठीची अनुदानित घरबांधणी योजना आली. घरे मंडळाने बांधायची, सरकारने अनुदान आणि कर्ज द्यायचे, आणि कारखान्यातल्या कामगाराला ती परवडणाऱ्या भाड्याने मिळायची. विक्रोळीचे कन्नमवारनगर आणि टागोरनगर, घाटकोपरचे पंतनगर, काळाचौकीचे अभ्युदयनगर ही मंडळाच्या वसाहतींची नावे कोकणातल्या कोणत्याही वाडीत आजही पत्त्यासारखी उच्चारली जातात. कन्नमवारांचे नाव आमच्या जिल्ह्यात मुख्यमंत्री म्हणून जितके ठाऊक असेल, त्याहून अधिक ते ‘अमक्याचा मुलगा राहतो ते’ ठिकाण म्हणून ठाऊक आहे. १९७७ च्या डिसेंबरात ही सारी व्यवस्था म्हाडाकडे आली. पुढे भाड्याची घरे राहणाऱ्यांनाच मालकीहक्काने देण्याचे धोरण आले. इमारतींच्या सहकारी संस्था झाल्या. जमीन मात्र प्राधिकरणाचीच राहिली आणि तिच्यासाठी ‘भुईभाडे’ असा एक सुंदर शब्द हिशेबात आला.

या सगळ्या प्रवासात दोन शब्द सोबत राहिले. एक भाडे, दुसरा सेवाशुल्क. भाडे जागेचे असते. सेवाशुल्क त्या जागेत राहणे शक्य करणाऱ्या गोष्टींचे असते: पाणी, पंप, मलनिःसारण, जिन्यातला दिवा, अंगणाची झाडलोट. भाडे हा तसा मानाचा शब्द आहे. भाडे देणारा माणूस भाडेकरू होतो, त्याला कायद्यात स्थान मिळते, त्याच्यावर खटला होतो आणि त्याच्या बाजूने मोर्चाही निघतो. सेवाशुल्क देणाऱ्याला आपल्या भाषेत नावच नाही. थकले तर तो ‘थकबाकीदार’ होतो, तेवढीच त्याची ओळख.

वास्तविक घर टिकते ते या दुसऱ्या देण्यावर. मुंबईतल्या खाजगी चाळींची गोष्ट याला पुरेशी साक्ष आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. भाडेकरूला त्याने आधार दिला, यात शंका नाही. तो नसता तर गिरणगावातली निम्मी कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण भाडे थिजले तशी मालकाची देखभालही थिजली. जिने कुजले, गच्च्या गळू लागल्या, इमारती कोसळू लागल्या. आणि १९६९ साली दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ स्थापून रहिवाशांकडून उपकर घ्यावा लागला. थिजलेले भाडे यापुढे न्याय्य म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले आणि त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्क्यांची वाढ मान्य केली. तोवर दोन पिढ्या टेकू लावलेल्या गॅलऱ्यांत वाढल्या होत्या.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहराने निराळ्या रीतीने सोडवला होता. १९२३ साली तिथल्या नगरपालिकेने घरबांधणीसाठी स्वतंत्र कर बसवला. श्रीमंताच्या हवेलीवर तो भारी होता, कामगाराच्या खोलीवर नाममात्र. त्या करातून घरे बांधली, आणि भाडेकरूकडून फक्त देखभालीपुरते पैसे घेतले. १९३० साली पुरी झालेली ‘कार्ल मार्क्स होफ’ ही तेराशेहून अधिक घरांची इमारत त्याच हिशेबातली. म्हणजे तिथे भाडे आणि सेवाशुल्क ही एकाच देण्याची दोन नावे होती. बांधकामाचे ओझे समाजाने उचलायचे आणि राहणाऱ्याने राहते घर जिवंत ठेवायचे. त्याच दशकात, १९२० ते १९२५ या काळात, मुंबईत गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या विकास खात्याने बी.डी.डी. चाळी उभ्या केल्या. तिथेही शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर होता. तरीही त्यांतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीची वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांना भाडे परवडत नव्हते.

असो. आम्हांला सांगायचे आहे ते आमच्या गठ्ठ्याविषयी.

पावत्या आम्ही ओटीवर पसरल्या. साहित्याचा अभ्यासक कागद पाहिला की तो संहितेसारखा वाचू लागतो, ही आमची जुनी खोड. साठच्या दशकातल्या पावत्यांवर शाईने लिहिलेले नाव, पुढे टाकाचे बॉलपेन झालेले. अक्षर बदलते तसा कारकून बदललेला कळतो. अशा सरळ चाललेल्या ओळीत १९८२ च्या जानेवारीनंतर खंड पडतो. त्या महिन्याच्या १८ तारखेला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मोठे काका त्यांतले एक. एप्रिलपर्यंत पावती नाही. मे महिन्यात एकदम तीन महिन्यांची पावती, आणि तिच्या पाठीला टाचलेली अण्णांच्या मनिऑर्डरची पोच.

कोकणाचे अर्थकारण मनिऑर्डरवर चाले हे वाक्य आता इतके वापरून झाले आहे की त्यातला अर्थ निघून गेला आहे. पोस्टमन यायचा, आजी अंगठा द्यायची, आणि चूल पेटायची, एवढा तो अर्थ होता. मनिऑर्डर मुंबईहून गावाला येत असे. उलट कधी गेल्याचे कोणी ऐकले नव्हते. १९८२ मध्ये आमच्या घरात ती उलट गेली. काकांची माणसे गावाला येऊन राहिली नाहीत, कारण खोली सोडली तर ती परत मिळेल याची कोणाला खात्री नव्हती. भाडे थकले तर मंडळाची नोटीस येईल, ही भीती होती. अण्णांच्या शिक्षकी पगारातून दीड वर्ष भाड्याचे पैसे गेले. आईने त्या काळात एक पाटली मोडली, हे आम्हांला फार पुढे कळले. अण्णांनी स्वतः ते कधीच सांगितले नाही. टपाल खात्याने २०१५ साली जुनी मनिऑर्डर बंद केली, त्या दिवशी ते एवढेच म्हणाले होते, ‘चांगली सोय होती.’

आणि आता त्या गठ्ठ्याला अचानक किंमत आली होती. वसाहतीतल्या त्या इमारतीचा पुनर्विकास ठरला होता. काका जाऊन बारा वर्षे झाली, तरी गाळा त्यांच्याच नावे होता. तो काकूंच्या नावावर करायचा होता. मूळ भाडेकरारापासूनचे जितके कागद मिळतील तितके हवे होते, म्हणून आमचे चुलतबंधू बाळादादा यांनी फोन करून विचारले होते, ‘अण्णांकडे काही असतील का रे?’ तेव्हा आम्ही ‘बघतो’ म्हटले होते. आता बघून झाले होते.

त्याच आठवड्यात घरातल्या दुसऱ्या एका वडीलधाऱ्यांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, ‘पावत्या अशाच देऊन मोकळे होऊ नका. पडत्या काळात खोली राखली ती अण्णांनी. आज तिथे मोठा फ्लॅट होणार. निदान बोलून तरी ठेवा.’

हे सुचवणे आम्ही झिडकारून लावले, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आम्ही ते झिडकारले नाही. मुलगी दोन वर्षांनी शिकायला मुंबईला जाणार आहे. दोघांच्या पगारातून तिथे भाड्याची खोली घेणे म्हणजे काय, याचा हिशेब आम्ही अनेकदा केला होता. पोचपावत्या मोजल्या, सतरा भरल्या. कायद्याने आमचा काही हक्क नाही हे समजत होते. पण ‘नैतिक हक्क’ या शब्दात एक मऊ उशी असते, तिच्यावर आम्ही एक रात्र डोके टेकले, एवढे कबूल करायला हवे.

त्या रात्री अण्णांच्या पावतीप्रेमाचे मूळ आठवत राहिले. आमचे आजोबा खोताचे कूळ होते. कोकणात कूळ या शब्दाला किती अर्थ आहेत, हे वर्गात शिकवताना आम्ही नेहमी सांगतो. कूळ म्हणजे वंश, कूळ म्हणजे देवकार्याचा आचार, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसून त्याला खंड घालणारा माणूस. आजोबा दर वर्षी भाताचा खंड खोताच्या खळ्यावर नेऊन घालीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, तेव्हा आजोबा तरुण होते. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळाला कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले. आजोबा दोन तुकडे कसत होते. एकावर कूळ म्हणून नोंद होती, दुसऱ्यावर नव्हती. दुसऱ्याचा खंड तीस वर्षे घातल्याचे सारा गाव जाणत होता, पण घातलेल्या भाताची पावती कोण देणार? तो तुकडा गेला. त्या वेळी अण्णा शाळकरी होते. ‘दिले ते लिहून घ्यावे’ हा धडा त्यांनी तिथे गिरवला आणि जन्मभर गिरवीत राहिले.

म्हणून ते सतरा कागद आम्हांला हक्कासारखे वाटत होते. आजोबांजवळ नव्हते ते अण्णांनी मिळवून ठेवले होते.

गठ्ठा घेऊन आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. बोलायचे की नाही हे ठरले नव्हते. ‘विषय निघाला तर’ असे आम्ही एकमेकांना म्हणत होतो. खोलीत काकू होत्या. वय चौऱ्याऐंशी, नजर मंद, पण आवाज तोच. त्यांनी आधी पेटीतले आंबे चाचपले, मग कागदांचा गठ्ठा. पावत्या एकेक करून बाळादादा पाहू लागले आणि संपाच्या महिन्यांपाशी थांबले. त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि कागद हातात येणे यांत अंतर असते. ते काही बोलण्याआधीच काकू म्हणाल्या,

‘भाऊजींनी भाडं भरलं, ते मी कधी विसरले नाय. सतरा महिने.’

आकडा त्यांना पाठ होता. आम्ही गप्प. थोड्या वेळाने त्या आमच्यातल्या दुसरीला म्हणाल्या, ‘पण काय गो, पंपाच्या पैशाची पावती असते काय कुठे?’

तेव्हा इमारतीत पाण्याच्या पंपाचे, जिन्याच्या दिव्याचे आणि सफाईचे पैसे इमारतीची समिती दर महिन्याला दारोदार फिरून गोळा करी. पुढे संस्था झाल्यावर त्याचे रीतसर सेवाशुल्क झाले. त्या काळात वहीत फक्त खूण होई. भाडे थकले तर नोटीस यायला महिने लागत. पंपाचे पैसे थकले तर दुसऱ्याच दिवशी सकाळी जिन्यात बोलणी बसत. संपाच्या त्या काळात अर्धी इमारत संपावरच होती. पंप बंद पडला तर साऱ्यांनी खालून हंडे वाहायचे. काकू पहाटे पापडाचे ओले पीठ आणीत, दिवसभर लाटीत आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन पैसे घेत. त्यांतले पहिले पैसे पंपाचे. आपले भरून झाले की कधी शेजारणीचेही. काका युनियनच्या सभांना जात; त्यांना त्यांतले फारसे माहीत नसे. गावी मनिऑर्डर लावणाऱ्या अण्णांना तर मुळीच नव्हते. काकू सांगत होत्या त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पंप कोणत्या कंपनीचा होता, तो किती वेळा जळला, तो दुरुस्त करणाऱ्याला चहा कोणाच्या घरचा लागे, हे सगळे त्यांनी सांगितले. पैसे किती, ते मात्र त्यांच्या लक्षात नव्हते. ‘भाडं मोठं, ते लक्षात राहतं,’ त्या म्हणाल्या. ‘हे रोजचंच.’

बोलायचा विषय निघाला नाही. निघण्यासारखे काही उरलेच नव्हते.

तिथल्या तिथे जे उमगले ते एवढेच, की आजोबांच्या भाताची पावती नव्हती म्हणून हळहळणाऱ्या आमच्या घराने, त्याच प्रकारचे दुसरे एक देणे चाळीस वर्षे मोजलेच नव्हते. आम्ही पावत्यांचे भक्त झालो होतो, आणि ज्याची पावती नाही ते घडलेच नाही असे मानण्याची खोताची दृष्टी नकळत आमचीही झाली होती. अण्णांच्या सतरा पोचपावत्यांचे मोल याने कमी होत नाही. पण सतरा महिने भाडे भरलेली खोली पाण्यावाचून राहण्याजोगी कोणी ठेवली, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या पावत्यांचा अर्थ पुरा लागत नाही.

परतीच्या प्रवासात आम्ही आमच्या विषयाकडे वळलो. चाळ ही मराठी साहित्याची मोठी भूमी आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची. जयंत पवारांचे ‘अधांतर’ संपानंतरच्या गिरणगावातल्या एका घराची पडझड दाखवते. या परंपरेत जिने आहेत, गॅलऱ्या आहेत, सार्वजनिक नळ आहे आणि नळावरचे भांडण तर इतके आहे की ते एक साहित्यसंकेतच होऊन बसले आहे. पण नळावर भांडणाऱ्या बाईला आपण बहुतेक विनोदाच्या सोयीसाठी उभी केली. ती कशासाठी भांडते, पंपाचे पैसे कोणाचे थकले आहेत, तिने स्वतःचे कुठून भरले, हे फारसे विचारले नाही. नळावरचे भांडण आपल्या वाङ्मयात आहे. नळाचे बिल त्यात क्वचितच दिसते. वर्गात आम्ही स्वतः ‘चाळसंस्कृती’ या शीर्षकाखाली आपुलकी, एकोपा, सण-उत्सव असे मुद्दे फळ्यावर लिहीत आलो. एकोप्याला महिन्याच्या महिन्याला वर्गणी लागते, आणि ती कोणाच्या तरी मनगटातून निघते, हा मुद्दा आमच्या फळ्यावर आजवर आला नव्हता. गिरणगावात खानावळी चालवून गिरण्यांतल्या माणसांना जेवू घालणाऱ्या बायांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तोवर त्यांच्या श्रमालाही कोणी काम म्हणत नव्हते. बँकेच्या वहीत नाव लागले तेव्हा ते काम झाले.

सेवाशुल्काविषयीचा कडवटपणा मात्र आम्हांला आता अधिक समजतो. मुंबईतल्या म्हाडाच्या ५६ वसाहतींत १९९८ पासूनच्या वाढीव सेवाशुल्काचा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला. थकबाकीवरच्या व्याजात सवलत देण्यासाठी २०२१ साली अभय योजना आणावी लागली. भाडे गेले, घर मालकीचे झाले, तरी महिन्याचे देणे संपले नाही, याची ती चीड असते. मालक होणे म्हणजे देण्यातून सुटणे, अशी आपली समजूत आहे. बाळादादांच्या इमारतीतही आज तीच चर्चा आहे. नव्या मनोऱ्यात लिफ्ट असेल, अग्निशमन यंत्रणा असेल, चोवीस तास पहारा असेल. आणि या साऱ्याचा देखभालखर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असेल. ज्याचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे किंवा मुळीच नाही, त्याने तो कुठून भरायचा? फुकट मिळालेले घर देखभालीच्या बिलापायी विकून लोक विरार-बदलापूरला जातील, ही भीती खोटी नाही. व्हिएन्नाने बांधकाम समाजाच्या करातून आणि देखभाल राहणाऱ्याच्या ऐपतीत, असा मेळ घातला होता. आपण बांधकाम बिल्डरच्या नफ्यातून काढतो आणि देखभाल राहणाऱ्याच्या नशिबावर सोडतो. काकू एवढेच म्हणाल्या, ‘भाडं नाय म्हणतात, आणि दर महिन्याला बिल. मग ते कसलं?’ याचे उत्तर दोन एम.ए. झालेल्या माणसांना देता आले नाही.

पावत्यांचा गठ्ठा आम्ही बाळादादांच्या स्वाधीन केला. गाळ्यावर आमचा कोणताही दावा नाही, असे एका कागदावर लिहून दिले. ते मागितले कोणी नव्हते. आपले मन पुन्हा त्या उशीवर जाऊ नये म्हणून आम्हीच लिहिले. सतरा पोचपावत्या त्यांनी परत केल्या. ‘या अण्णांच्या, तुमच्याकडेच असू देत,’ म्हणाले. त्यांच्यासोबत काकूंनी पापडाचे एक पुडके दिले. आता त्या लाटत नाहीत, विकतचेच होते.

रत्नागिरीत आम्ही राहतो ती तीन मजली इमारत आहे. मे महिन्यात शीळ धरणाचे पाणी नळाला कमी येऊ लागले की संस्था टँकर मागवते. टँकरचा खर्च सर्वांत सारखा वाटला जातो. गेल्या वर्षी सुट्टीत आम्ही तीन आठवडे नव्हतो, म्हणून त्या महिन्याचा वाटा देणार नाही असे पत्र आम्ही सचिवांना पाठवले होते. मुद्देसूद, व्याकरणशुद्ध, ‘न्याय्य’ हा शब्द दोनदा वापरलेले. सचिव निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी वाद घातला नाही, रक्कम थकबाकीत दाखवून पत्र फाइलला लावले. मुंबईहून आल्यावर आम्ही खाली जाऊन ते पैसे भरले. पावती लिहिता लिहिता त्यांनी सहज सांगितले की त्या तीन आठवड्यांत रात्री अकरा वाजता येणाऱ्या टँकरला फाटक उघडून द्यायला त्या स्वतः जागत होत्या.

त्याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहिले आहेत, हे आम्ही पावतीवर पाहिले. तसा रकाना नव्हता.